कोरल पांढरं पडलं पण मेलं नव्हतं : माझ्या रीफ टँकचा अनुभव

रीफ टँकमध्ये, म्हणजे घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, कोरल (प्रवाळ) पांढरं पडायला लागलं की आपला हात आधी बादलीकडे जातो, मोठा वॉटर चेंज म्हणजे पाणी बदल करायचा, हीटर काढून टाकायचा, दुकानातून एखादी बाटली आणून ओतायची. माझं कळकळीचं सांगणं आहे, त्याआधी टँकचा निळा लाइट बंद करा, साधा पांढरा लाइट लावा आणि काचेला नाक लावून बघा. निळ्या लाइटमध्ये फिकट पडलेलं कोरलसुद्धा छान चमकत असतं, काहीच कळत नाही.

मी न्यू जर्सीत राहतो, हॉलमध्ये ७५ गॅलनचा म्हणजे २८४ लिटरचा टँक आहे. त्यात हॅमर, टॉर्च, दोन माँटीपोरा आणि थोडे झोआ, ही सगळी कोरलचीच नावं. गेल्या जुलैत उकाड्याची लाट आली आणि त्याच सुमारास हॅमरची वरची बाजू, जिथे लाइट सरळ पडतो ती, हिरव्याची फिकट आणि फिकटची पांढरी झाली. माँटीपोरापण वरून खडूसारखा दिसायला लागला. पण पांढऱ्या लाइटमध्ये नीट पाहिलं तर हॅमरचे टेंटॅकल बाहेर होते, पारदर्शक, आतून सांगाडा दिसत होता, पण मांस जागेवर होतं. ही ब्लीचिंगची म्हणजे रंग उडण्याची खूण. मांसच सुटून लोंबतंय आणि खाली नुसता सांगाडा उघडा पडलाय असं दिसलं तर तो टिश्यू नेक्रोसिस म्हणजे मांस मरणं, त्याची गत वेगळी आणि उपायही वेगळे.

ब्लीचिंगमध्ये होतं काय तर कोरलच्या मांसात राहणारं झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ असतं, ते उजेडावर साखर बनवतं आणि कोरलला पोसतं, काही जातींत तर ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा त्याच्याकडूनच येते. उष्णता किंवा उजेड झेपेनासा झाला की ही व्यवस्था बिघडते आणि कोरल त्या शेवाळाला बाहेर काढून टाकतं. म्हणजे कोरल जिवंतच असतं पण उपाशी. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची सगळी घाई आपोआप कमी होते.

सगळे म्हणाले उकाडाच, दुसरं काय असणार. मलाही तेच वाटत होतं, पण टँकचं तापमान सांभाळणाऱ्या कंट्रोलरवरचा आकडा जास्तीत जास्त ८०.५ फॅरनहाइटपर्यंत गेला होता, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७च्या आत. कंट्रोलरचा प्रोबच चुकतोय का म्हणून काचेचा थर्मामीटर टाकून पडताळलं, आकडा जुळला. समुद्रात नेहमीच्या उन्हाळी कमालपेक्षा साधारण १ अंश सेल्सिअस जास्त तापमान काही आठवडे टिकलं की ब्लीचिंग सुरू होतं, माझ्याकडे तेवढं काही झालंच नव्हतं. तरी पाण्यावर छोटा पंखा लावला आणि एसी चालू ठेवला. पंखा पाण्याची वाफ करून थंडावा देतो त्यामुळे हवा दमट असली की त्याचा उपयोग कमी, आणि तो लावला की गोड्या पाण्याचा टॉपअप वाढवावा लागतो, नाहीतर खारटपणा चढतो.

मग एकेक करून पाणी तपासायला घेतलं. खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आधी ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) कॅलिब्रेशन फ्लुइडवर सेट केला, नुसत्या डिस्टिल्ड पाण्यावर शून्य करून भागत नाही कारण आपल्याला वाचायचा आकडा तिथून लांब असतो. खारटपणा ३५. कॅल्शियम ४३०, मॅग्नेशियम १३२० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), दोन्ही उत्तम. अल्कलिनिटी म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण मात्र ९.६ डीकेएच (त्याचं एकक) निघालं, माझं नेहमीचं ८.३. ते रोज ठरल्या मापाने ओतणारा डोसिंग पंप तोच, बाटली तीच, मग वाढली कशी? यावर मी बराच वेळ घालवला आणि उत्तर मिळालं तेव्हा खरंच समाधान वाटलं. कोरल सांगाडा बांधताना अल्कलिनिटी आणि कॅल्शियम खातं, १ डीकेएचमागे साधारण ७ पीपीएम कॅल्शियम जातं. उपाशी कोरलने बांधकाम थांबवलं होतं, पंप मात्र जुन्याच हिशोबाने ओतत होता. म्हणजे वाढलेली अल्कलिनिटी आजाराचं कारण नव्हती, आजाराचा परिणाम होती. डोस कमी केला आणि आकडा हळूहळू खाली येऊ दिला, दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त हलू दिला नाही.

खरी गोम फॉस्फेटमध्ये निघाली. माझं तपासणी यंत्र, चेकर, फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग) दाखवतं, त्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागलं की फॉस्फेटचा पीपीएम आकडा येतो. रीडिंग आलं २, म्हणजे ०.००६ पीपीएम. एवढ्या बारीक आकड्यात कुव्हेटवरचा, म्हणजे नमुन्याच्या काचेच्या बाटलीवरचा, बोटाचा ठसासुद्धा घोळ घालतो म्हणून पुसून पुन्हा केलं, तेच. नायट्रेटच्या किटला रंगच आला नाही. पाणी अगदी काचेसारखं स्वच्छ आणि तेच नडत होतं. खाली संपमध्ये, म्हणजे टँकखालच्या दुसऱ्या टाकीत, केटो नावाचं शेवाळ ठेवलंय, ते उन्हाळ्यात एवढं फोफावलं होतं की सगळं नायट्रेट फॉस्फेट तेच गिळत होतं. २०१३ मध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं होतं की फॉस्फेटची उपासमार झाली की कोरलमधल्या शेवाळाची उष्णता आणि उजेड सोसायची ताकद घटते. म्हणजे जो उकाडा एरवी सहज पचला असता तो या वेळी बाधला.

माझा एक मित्र दुबईत आहे, तोही रीफवालाच. त्याला फोन केला तर म्हणाला, "अरे, आधी लाइट उतरव, बाकी सगळं त्यानंतर कर. जेवायला नाहीये त्याला आणि तू उन्हात उभं केलंयस." पटलं. लाइट ७० टक्क्यांवरून ४० वर आणला. अर्धा केटो काढून टाकला, त्याच्यावरच्या दिव्याचे तास कमी केले, माशांचं खाणं वाढवलं आणि फॉस्फेटचा अगदी थोडा डोस सुरू केला. सुरुवातीला रोज टाकायचो आणि दुसऱ्या दिवशी रीडिंग पुन्हा शून्याजवळ, कारण दगड आधी स्वतः फॉस्फेट शोषून घेतात. इथे धीर सोडून एकदम डबल डोस टाकू नये, दगड भरले की आकडा अचानक वर उडी मारतो. मला ०.०३ ते ०.०८च्या मध्ये टिकवायचा होता, नायट्रेट ५च्या आसपास, आणि तो तसा टिकला.

आणि भरवणं. रात्री लाइट गेल्यावर पंप बंद करून पिपेटने हॅमरच्या एकेका तोंडाशी मायसिस (बारीक कोळंबीसारखा खाऊ) सोडायचो. टेंटॅकलला मायसिस चिकटली की ती सावकाश वाकते, तोंडाची फट उघडते, आणि नेमका तेव्हाच क्लीनर श्रिंप येऊन तोंडातून घास ओढून नेतो! शेवटी प्लॅस्टिकची बाटली अर्धी कापून कोरलवर पालथी घालायचो, घास पूर्ण आत जाईपर्यंत.

माझं आजोळ मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात डोकं घालून पाहिलेली प्रवाळं लहानपणापासून मनात आहेत, तिथला भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. भारतात दगडी प्रवाळांना १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या परिशिष्ट १ चं संरक्षण आहे त्यामुळे तिकडच्या मित्रांनी कुणी हॅमर देतो म्हटलं तरी घेऊ नये. मी इथेही फक्त टँकमध्ये वाढवलेले फ्रॅग म्हणजे कोरलचे तुकडेच घेतो. एप्रिल २०२४ मध्ये नोआ या अमेरिकेच्या समुद्र-हवामान संस्थेने जगभरातलं चौथं मोठं ब्लीचिंग सुरू असल्याचं जाहीर केलं. तिथे लाइट ४० वर आणायचं बटण कुणाच्या हातात नाही याचं फार वाईट वाटतं.

हॅमरला आधी तपकिरी झाक आली, टेंटॅकलच्या बुडापासून. तपकिरी दिसलं की खूश व्हा, शेवाळ परत येतंय, हिरवा रंग त्यानंतर बऱ्याच आठवड्यांनी चढतो. अल्कलिनिटी रोज थोडी उतरायला लागली तेव्हा कळलं की बांधकाम पुन्हा सुरू झालंय, मग डोस वाढवला, लाइट आठवड्याला ५ टक्के. एका माँटीपोराची कड वाचली नाही, ती बोन कटरने कापून टाकली आणि उरलेला तुकडा खालच्या दगडावर चिकटवला. टॉर्च अजून थोडा फिका आहे म्हणून लाइट ५५ वर थांबवलाय, तो भरला की पुढे नेईन.