पॅडिंग्टनची पंधरा मिनिटांची लोकल

लंडनला जाऊन आल्याला आठ महिने झाले, पण नौपाड्यातल्या आमच्या सकाळच्या कट्ट्यावर कोणी तिकडचे काही विचारले की माझे उत्तर फिरून फिरून एका गाडीवरच येते, त्यामुळे आताशा मला कोणी विचारीनासे झाले आहे. गेल्या मे महिन्यात आम्ही दोघे मुलीकडे सतरा दिवस राहिलो. त्यांतले सोळा दिवस संग्रहालये, पाऊस आणि नातवाला बागेत नेणे यांत गेले आणि चांगले गेले. लिहावेसे वाटते ते मात्र परतीच्या दिवशीच्या पंधरा मिनिटांविषयी.

पॅडिंग्टन स्थानकाहून हीथ्रो विमानतळाला जाणारी हीथ्रो एक्स्प्रेस ही ती गाडी. १९९८ च्या जूनमध्ये ती सुरू झाली आणि तेव्हापासून दर पंधरा मिनिटांनी एक याप्रमाणे पंधरा मिनिटांत विमानतळावर पोचवते. २०१२ मध्ये कचेरीच्या कामासाठी गेलो असताना मी तिने प्रवास केला होता, अर्थात कचेरीच्या पैशाने. त्या वेळच्या गाडीत डब्यात टीव्ही होता, त्यावर बातम्या चालत, आणि सामानाला इतकी ऐसपैस जागा होती की माझी एकुलती बॅग तिथे पोरकी वाटली होती. ‘विमानतळाची खास गाडी’ म्हणजे काय, याचे चित्र माझ्या मनात त्या दिवशी पक्के झाले. तेच पत्नीला दाखवायचे म्हणून जावयाने सुचवलेला स्वस्त मार्ग मी ऐकून घेतला आणि बाजूला ठेवला.

सहा आणि सात क्रमांकाच्या फलाटांवरून ही गाडी सुटते. आम्ही तीन बॅगा ओढीत पोचलो तेव्हा ती उभीच होती, आणि तिच्याकडे पाहताच माझा विरस झाला. तीस वर्षे ठाणे ते व्हीटी केलेल्या माणसाला लोकल ओळखायला इंजिनियर असावे लागत नाही. प्रत्येक डब्याला सरकत्या पाखांची दोन रुंद दारे, चार-चार डब्यांच्या दोन गाड्या एकमेकींना जोडलेल्या, आणि मोटरमनच्या तोंडावरच मधोमध एक दार, म्हणजे दोन गाड्या जोडल्या की प्रवाशांना एकीतून दुसरीत जाता यावे. ही थाटाची गाडी नव्हती. रोज कामाला जाणाऱ्या माणसांसाठी बांधलेली गाडी होती. “बाबा, याच जातीच्या गाडीने मी कधी कधी रीडिंगला ऑफिसला जातो,” असे जावयाने सांगितले तेव्हा माझा संशय खरा ठरला, आणि हातातली तिकिटे अधिकच महाग वाटू लागली.

यामागची हकिकत मी नंतर सवडीने समजून घेतली, आणि ती मला लंडनच्या सगळ्या राजवाड्यांपेक्षा रंजक वाटली. जुन्या गाड्या, म्हणजे ३३२ या वर्गाच्या, स्पेनमधल्या काफ कंपनीने बांधल्या होत्या आणि त्यांची विजेची यंत्रसामग्री सीमेन्सची होती. त्यांची कारशेड पॅडिंग्टनच्या अलीकडे ओल्ड ओक कॉमन येथे होती, आणि नेमकी तीच जागा हाय स्पीड टू या नव्या द्रुतगती रेल्वेमार्गाच्या स्थानकासाठी हवी होती. शेड गेल्यावर गाड्या ठेवायच्या कुठे, असा पेच पडला. त्यावर २०१८ मध्ये असा तोडगा निघाला की गाड्या चालवण्याचे काम ग्रेट वेस्टर्न रेल्वेने करावे, आणि तिच्याकडच्या ३८७ वर्गाच्या उपनगरी गाड्यांपैकी चार डब्यांच्या बारा गाड्या आतून बदलून विमानतळासाठी वापराव्यात. या गाड्या इंग्लंडमधल्या डर्बीच्या कारखान्यात बंबार्डियर कंपनीने बांधलेल्या. बैठका बदलल्या, सामानाच्या मांडण्या बसवल्या, वायफाय दिले, आणि डिसेंबर २०२० च्या अखेरीस पहिली गाडी रुळांवर आली. तो काळ कोविडचा; विमानेच उडत नव्हती, तिथे विमानतळाच्या नव्या गाडीत बसणार कोण? २०२१ च्या मार्चमध्ये जुन्या गाड्यांनी शेवटची फेरी केली आणि जेमतेम तेवीस वर्षे वापरलेल्या त्या गाड्यांपैकी बहुतेक सगळ्या भंगारात गेल्या. माझा टीव्हीचा डबाही त्यांतच गेला असणार.

ठाण्याच्या वाचकांच्या लक्षात एव्हाना एक गंमत आली असेल. आपल्याकडे ‘सीमेन्स गाडी’ आणि ‘बंबार्डियर गाडी’ हे शब्द इंजिनियरांचे नाहीत, ते फलाटावरचे आहेत. २००७ मध्ये चेन्नईत बांधलेल्या आणि सीमेन्सची विद्युत यंत्रणा असलेल्या गाड्या मुंबईत आल्या, तेव्हा डब्यात वारा येतो याचेच आम्हाला कोण अप्रूप वाटले होते. पुढे २०१५ मध्ये बंबार्डियरची यंत्रणा असलेल्या गाड्या आल्या. हीथ्रोला नेमका हाच क्रम झाला, आधी सीमेन्स आणि मग बंबार्डियर. आपल्या डोक्यावरच्या तारेत १९२५ पासून दीड हजार व्होल्टचा एकदिश प्रवाह खेळत होता. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये तो जाऊन पंचवीस हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला, आणि हीथ्रोच्या तारेतही तोच पंचवीस हजारांचा प्रवाह आहे. आमच्या ८:१२ च्या लोकलची दूरची चुलत बहीण पॅडिंग्टनला नटूनथटून उभी आहे, हे एकदा ध्यानात आल्यावर माझा राग थोडा निवळला.

गाडी सुटली आणि नात्याची ही कल्पना तिथेच संपली. ही गाडी ताशी १७७ किलोमीटरपर्यंत धावू शकते. आपल्या लोकलची मजल शंभराच्या आसपास संपते. मात्र मला चकित केले ते वेगाने नव्हे, बॅगांनी. दाराशेजारच्या मांडणीत आमच्या तिन्ही बॅगा आडव्या बसल्या होत्या, त्यांतली चार चाकांची निळी बॅगसुद्धा, जी घरात सपाट फरशीवरही जागची हलते, आणि पंधरा मिनिटांत त्यांतली एकही इंचभर सरकली नाही. कोणाच्या पायावर बॅग नव्हती, कोणाच्या मांडीवर नव्हती, आणि कोणी कोणाच्या बॅगेकडे रागाने पाहत नव्हते. डब्यात आम्ही धरून पंधरा-सोळा माणसे असतील. मी आयुष्यात इतक्या रिकाम्या लोकलमध्ये फक्त गाडी शेडला जात असताना चुकून बसलो आहे.

हेजच्या पुढे गाडी मुख्य मार्गावरून वळून बोगद्यात शिरली, तसा मी उठलो. उठलो म्हणजे विचार करून उठलो नाही. व्हीटीहून येताना मुलुंड आले की ठाणेकराचे पाय आपोआप दाराकडे वळतात, तसे ते वळले. बॅगा मांडणीतून ओढून काढल्या, दारापाशी ओळीने उभ्या केल्या, एक पाय निळ्या बॅगेला टेकवला आणि दुसऱ्याने तोल सांभाळीत उभा राहिलो. अवघा डबा माझ्याकडे पाहत होता. पत्नी बसल्या जागेवरून म्हणाली, “अहो, बसा जरा. इथे मुलुंडला कोणी चढणार नाहीये.”

मी बसलो नाही. लाज वाटली म्हणून बसलो नाही, हे इथे कबूल करतो. पण उरलेली दोनतीन मिनिटे दारात उभा राहून मी विचार करीत होतो की या गाडीत सगळे एकाच कामाला निघाले आहेत, कोणाला मध्येच चढायचे नाही, कोणाला मध्येच उतरायचे नाही, आणि गाडी किती वाजता पोचणार हे सर्वांना ठाऊक आहे. आपण जे पैसे मोजले ते गाडीचे नव्हतेच. गाडी तर लोकलच होती.

पैशांचे सांगतो, कारण ते विसरता येत नाहीत. आयत्या वेळी काढलेले एक तिकीट पंचवीस पौंडांचे, दोघांचे पन्नास, म्हणजे साडेपाच हजार रुपयांच्या वर. बरेच दिवस आधी काढले तर हेच तिकीट दहा पौंडांपर्यंत मिळते, आणि तसे आधी न काढण्याचा आळस सर्वस्वी माझा. जावयाने सुचवलेली एलिझाबेथ लाइनची गाडी त्याच पॅडिंग्टनहून निम्म्याच्या आसपास पैशांत साधारण अर्ध्या तासात पोचवते, आणि तीही डर्बीच्याच कारखान्यातली. पत्नीने हा हिशेब विमान उडेपर्यंत दोनदा आणि ठाण्याला उतरल्यावर एकदा केला.

पंधरा मिनिटांचे महत्त्व ठाण्याच्या माणसाला जास्त कळते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी चौतीस किलोमीटरचे अंतर सत्तावन्न मिनिटांत तोडून ठाण्याला आली होती, आणि धिम्या लोकलला आजही जवळजवळ तेवढीच मिनिटे लागतात. विमानतळाचे तर विचारूच नये. विमानाला जितका वेळ, त्याच्या निम्मा वेळ आम्ही द्रुतगती मार्गावर पुढच्या टँकरची मागची बाजू वाचण्यात घालवत आलो आहोत.

म्हणून नवी मुंबईचा विमानतळ झाला याचा मला मनापासून आनंद झाला. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमाने सुटू लागली आणि जानेवारीच्या अखेरीस आम्ही बेंगळुरूला मेहुण्याकडे जाण्यासाठी मुद्दाम तिथलेच तिकीट काढले. मुंबई आणि नवी मुंबई हे दोन विमानतळ जोडणारी सुमारे पस्तीस किलोमीटरची मेट्रो नियोजनात आहे. ती येईल तेव्हा येईल. मी मात्र टॅक्सी नको, लोकलनेच जाऊ, असा हट्ट धरला. हट्टामागे पॅडिंग्टन होते, हे पत्नीने ओळखले, पण बोलली नाही.

ठाण्याच्या दहा नंबरच्या फलाटावर सकाळी आठला निळी बॅग घेऊन उभे राहिल्यावर मला पहिल्या मिनिटाला माझी चूक कळली. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणेकडे निघालेली सारी तरुण मंडळी तिथे होती, आणि त्यांच्या पाठीवरच्या पिशव्यांनाच जागा नव्हती. आपल्या बारा डब्यांच्या लोकलमध्ये लगेजचे चार कप्पे असतात. त्यांतला एक २०२५ पासून काही गाड्यांत ज्येष्ठ नागरिकांसाठी करण्यात येत आहे. मी ज्येष्ठही आहे आणि बॅगवालाही, तेव्हा या सुधारणेचे स्वागत करावे की निषेध, हे मला ठरवता आलेले नाही. त्या दिवशी आम्ही लगेजच्या कप्प्यात शिरलो.

आत जांभळी नाक्यावरून भरलेले फुलांचे दोन मोठे हारे होते आणि त्यांच्यामध्ये फुलवाल्या बाई बसल्या होत्या. “काका, बॅग उभी नका ठेवू, आडवी टाका. वळणाला पळंल ती,” असे त्यांनी म्हणेपर्यंत गाडी सुटली, वळण आले आणि बॅग पळाली. झेंडूच्या हाऱ्याला अडून ती थांबली. बाईंनी न रागावता तिला आडवे पाडले, तिच्यावर आपले पाय ठेवले आणि म्हणाल्या, “आता नेरुळपर्यंत हलायची नाय.” पॅडिंग्टनच्या मांडणीत बॅग याहून घट्ट बसली नव्हती.

तुर्भे गेले, जुईनगर गेले, मी निवांत बसून होतो. “अहो, उठा आता. ही काही लंडनची गाडी नाही,” असे पत्नी म्हणाली तेव्हा नेरुळचा फलाट सुरू झाला होता आणि दारात प्लॅस्टिकचे क्रेट घेऊन चार जण चढायला उभे होते. बाईंनी एक हारा डोक्यावर घेतला, “आधी उतरू द्या रं,” असे दरडावले, आणि माझ्या आधी माझी बॅग फलाटावर पोचली.

विमानतळाच्या सर्वांत जवळचे स्थानक तरघर. पण उरणच्या गाडीला बराच अवकाश होता, म्हणून पुढचे अंतर शेवटी टॅक्सीनेच कापले. काउंटरवर बॅग पट्ट्यावर ठेवली, तेव्हा तिच्या चाकांतून झेंडूच्या पाकळ्या गळल्या. काट्याने चौदा किलो आठशे ग्रॅम दाखवले, बहुधा त्या धरून.