स्टिक, टेबल आणि पाणसळ

पापाच्या तिकटीवर चप्पल घेणारा कोल्हापुरी माणूस बघण्यासारखा असतो. चप्पल हातात आली की आधी उलटी करून तळ बघणार, अंगठा ओढून बघणार, वेणीची वीण दाबणार, जोडे एकमेकांवर आपटून आवाज ऐकणार, आणि मग कुठं पायात घालणार. तोच माणूस स्नूकरची, म्हणजे हिरव्या टेबलावर चेंडू भोकांत घालायच्या खेळाची, स्टिक घ्यायला गेला की काय करतो? मुठीकडचा भाग बघतो. त्यावर नाग आहे का, ज्वाळा आहेत का, सोनेरी पट्टी आहे का. मनात भरली की पैसे मोजून मोकळा.

माझा भाचा उद्यमनगरात लेथवर काम करतो. स्नूकर पार्लरला जायला लागल्यापासून त्याला स्वतःची स्टिक हवी होती, आणि खरं सांगायचं तर स्वतःचं टेबलही. "मामा, तुम्ही चला की बरोबर," म्हणाला, म्हणून गेलो.

स्टिकचं सगळं गुपित मुठीत नाही, पुढच्या निमुळत्या दांड्यात असतं. हा दांडा बहुतेक दोनच लाकडांचा, ॲश किंवा मेपल. ॲशच्या अंगावर रेषा स्पष्ट दिसतात, आणि दांडा निमुळता होत जातो तसे त्या रेषांचे बाण तयार होतात. स्टिक हनुवटीखाली धरून वाकलं की हे बाण नजरेखालीच येतात. मेपल गुळगुळीत, जवळजवळ कोऱ्या कागदासारखं. काही जणांना रेषा लागतात, काहींची नजर त्या रेषांतच अडकते. यात चांगलं-वाईट काही नाही, पण वाकून बघितल्याशिवाय आपण कुठल्या जातीचे हे कळत नाही. मुठीला काळं एबनी किंवा शिसवी असते, ती वजनासाठी. स्नूकरची स्टिक सतरा ते एकोणीस औंसांची, म्हणजे धरून चला अर्धा किलो. वीस-तीस ग्रॅमचा फरक तराजूला किरकोळ, पण मनगटाला तो पहिल्याच फ्रेममध्ये, म्हणजे डावात, कळतो.

सरळपणा तपासायला पोरं स्टिक टेबलावर लोळवतात. लोळताना दांड्याचं टोक उड्या मारायला लागलं की "वाकडी हाय" असा निकाल. पण ज्या टेबलावर लोळवताय ते तरी सपाट आहे का? भाच्यानं लोळवलीच नाही. एक डोळा मिटून, मुठीकडून टोकाकडं बघत ती हळूहळू फिरवली. लेथवरून उतरलेला शाफ्ट बघायची सवय. चौथ्या स्टिकला त्याचा चेहरा बदलला. दुकानदार म्हणाला, "ही साधी आहे, हिच्यावर डिझाईन नाही." भाचा म्हणाला, "मग बरंच की."

आता टीप. सगळ्या स्टिकमध्ये चेंडूला लागतो तो एवढाच भाग, साडेनऊ-दहा मिलिमीटर व्यासाची चामड्याची टिकली. पितळी टोपीवर चिकटवलेली. ती कडक असली की चेंडू निसटतो, मऊ असली की दबून कडेनं छत्रीसारखी पसरते. हजारोंच्या स्टिकचा कारभार या किरकोळ किमतीच्या टिकलीवर चालतो आणि विकत घेताना तिच्याकडं कुणी बघत नाही. तिच्यावर घासायच्या निळ्या खडूतही खरा खडू नसतोच. त्यात सिलिका असते आणि बारीक खरखरीत पूड. म्हणून तर ती चेंडूला धरते. शनिवारी रात्री पार्लरमधून आलेला पोरगा ओळखायचा असेल तर डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी बघा. निळी असते.

पूल हा स्नूकरचाच भाऊबंद, लहान टेबलावरचा. त्याची स्टिक वेगळी, हे पुष्कळांना पैसे दिल्यावर कळतं. पूलचा चेंडू सव्वादोन इंची, स्नूकरचा साडेबावन्न मिलिमीटरचा. म्हणून पूलच्या स्टिकची टीप बारा-तेरा मिलिमीटरची, जाड. तिनं स्नूकर खेळायला गेलात तर बारीक फिरकी देताना टीपच आडवी येते.

टेबलाचा विषय निघाला तसा भाचा खरा खुलला. गच्चीवरची खोली, त्यात टेबल, रविवारी मित्र, असा त्याचा बेत. मी त्याला भिंतीजवळ उभा राहून कोपर मागं घेऊन दाखव म्हटलं. हिशेब साधा आहे. टेबल बारा बाय सहा फुटांचं, आणि चारही बाजूंना स्टिकची लांबी, म्हणजे पाच-पाच फूट मोकळे. झाली बावीस बाय सोळाची खोली. मंगळवार पेठेतल्या कित्येकांचं अख्खं घर त्यात मावेल. लहान पूल टेबल घेतलं तरी भिंत सुटत नाही. मग अशा घरांत एक आखूड स्टिक कोपऱ्यात ठेवलेली असते, आणि प्लास्टरला खळगे पडलेले असतात.

बरं, खोली मिळाली असं धरू. टेबल म्हणजे लाकडी पाय आणि हिरवं कापड नव्हे. कापडाखाली दगड असतो, स्लेट. स्नूकरच्या मोठ्या टेबलात पाच फरश्या, इंचापेक्षा चांगल्याच जाड, एकमेकींना भिडवून सांधे मेणानं बुजवलेल्या. सगळं मिळून वजन टनाच्या वर. गच्चीचा स्लॅब कुणी बांधला, सळई कितीची घातली, हे आधी विचारावं लागतं. स्वस्तातल्या टेबलांत दगडाच्या जागी दाबलेल्या भुश्श्याची फळी येते. पुण्या-मुंबईकडं काय होत असेल ते असो, आमच्याकडं जूनपासून चार महिने पंचगंगा पात्राबाहेर डोकावत असते, तेव्हा असली फळी फुगणारच. दगडाला ओल वाकवत नाही, पण वरच्या लोकरीच्या कापडाला ती सोडत नाही. पावसाळ्यात तोच फटका, तोच चेंडू, आणि भोकाच्या अलीकडं वीतभर थांबतो. परदेशात मोठ्या स्पर्धांना टेबलाच्या दगडाखाली हीटर लावतात ते याचसाठी.

टेबल सपाट आहे का हे जोरात मारून कळत नाही. चेंडू अगदी मरगळलेला सोडायचा आणि थांबायच्या आधीची शेवटची वीत बघायची. उतार असेल तर तिथं तो मान वळवतो. चेंडू सोडायचा तोही कापडाची लव ज्या दिशेला बसवली आहे त्याच दिशेनं, म्हणजे एका टोकाला आखलेल्या अर्धवर्तुळाकडून, डी कडून, दुसऱ्या टोकाच्या काळ्या चेंडूकडं, नाहीतर लवेचा दोष दगडाच्या माथी. भाच्यानं मात्र खिशातून सरळ पाणसळ काढली आणि टेबलावर ठेवली. दुकानदाराच्या पोटात गोळा आला, "अहो, कापडावर नको!" बुडबुडा जरासा डावीकडं. भाचा म्हणाला, "अर्धा सूत हाय. पाय फिरवला की बसंल."

यावर तालमीत वाढलेले आमचे वडीलधारे हसतात. "ह्यात घाम कुठं येतो रं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खासबागेचं मैदान असलेल्या गावात हा प्रश्न यायचाच. पण याच मातीतली तेजस्विनी सावंत 2010 साली रायफल घेऊन जगज्जेती झाली आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं, तेव्हापासून श्वास रोखून निश्चल उभं राहणं हाही खेळ असतो, एवढं गावानं मान्य केलंय. बिलियर्ड्सचं म्हणाल तर पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 सालीच जगज्जेते झाले होते. आणि स्नूकर जन्मलं तेच मुळी जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, 1875 ला. तेव्हा हे साहेबाचं खूळ असेल, पण इथंच उगवलेलं.

माझं मत विचाराल तर नव्या माणसानं आधी चांगलं टेबल असलेलं पार्लर शोधावं. उताराच्या टेबलावर हात बसला की तो उतार हातात मुरतो, आणि मग सपाट टेबलावरसुद्धा माणूस वाकडाच नेम धरतो. स्टिकचं नंतर. तोवर रॅकमधली एखादी बरी बघून ठेवावी आणि मार्करशी, म्हणजे पार्लरमध्ये गुण मांडणाऱ्या पोराशी, गोड बोलून ती राखून घ्यावी. आमच्या पार्लरमध्ये सगळ्यात सरळ स्टिक रॅकमध्ये कधीच नसते, ती कोल्ड्रिंकच्या फ्रीजमागं असते.

भाच्यानं टेबल घेतलं नाही. ती साधी ॲशची स्टिक मात्र घेतली. मग अर्धा तास घोळ झाला तो जोडाचा, म्हणजे स्टिकचे दोन तुकडे कुठं जुळावेत याचा. अखंड स्टिक उत्तम, असं जाणकार सांगतात. तीन-चतुर्थांशावर जोड असलेलीही चालते, कारण जोड मुठीकडं राहतो आणि हाताला जाणवत नाही. पण तिचा लांब तुकडाच साडेतीन फुटांचा. बरोबर मध्ये जोड असलेली निम्म्या लांबीच्या पेटीत बसते. दुकानदार तीन-चतुर्थांशच घ्या म्हणत होता, मीही तेच म्हणत होतो. भाचा बाहेर जाऊन ॲक्टिव्हा बघून आला.

"मामा, महाद्वार रोडला रविवारी साडेतीन फुटाची पेटी पाठीवर आडवी बांधून गेलो तर किती माणसांची टोपी पडंल?"

मधला जोडच घेतला.