तोंड लहान झाले तरी चालेल

खालच्या ओठावरील भेग उन्हाने पडली आहे असे समजून अमळनेरकडचे एक सत्तरी ओलांडलेले कापूस उत्पादक शेतकरी, आप्पा, बरेच महिने मलमे लावत होते. भेगेचे कारण त्यांनी बरोबर ओळखले होते. आयुष्यभर उघड्यावर सोसलेल्या उन्हानेच तेथे त्वचेचा कर्करोग झाला होता. भरून न येणाऱ्या जखमेसाठी दर वेळी नवे मलम लिहून देणारे आणि तुकडा तपासणीस न पाठवणारे आमचे व्यवसायबंधू मला त्यांच्यापेक्षा अधिक दोषी वाटतात.

गाठ भोवतालच्या निरोगी कडेसह काढल्यावर अर्ध्याहून अधिक ओठ जाणार होता. एक तृतीयांशापर्यंतचा ओठ गेल्यास उरलेल्या कडा ओढून शिवता येतात. येथे ते शक्य नव्हते. गालाची त्वचा पुढे सरकवली असती तर तोंडाची रुंदी टिकली असती, परंतु असा ओठ ताठ राहतो आणि लाळ गळू शकते. युगोस्लाव्हियातील शल्यचिकित्सक कारापांजिच यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत उरलेला ओठच नसा व रक्तवाहिन्यांसह फिरवून जोडतात; त्यामुळे संवेदना आणि हालचाल टिकते, मात्र तोंड लहान होते. दोन्ही पर्याय समजावल्यावर आप्पा अहिराणीत म्हणाले, ‘‘तोंड धाकलं व्हयनं तरी चाली, च्या गयाले नको.’’ (तोंड लहान झाले तरी चालेल, चहा गळायला नको.)

या शस्त्रक्रियेतील काही कामे बाहेरून दिसत नाहीत. रक्तस्राव कमी करणाऱ्या अ‍ॅड्रेनलीनच्या इंजेक्शनाने ओठ फुगला की त्याची गुलाबी कड हरवते, म्हणून त्याआधीच ती मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या ठिपक्यांनी सुईने टिपून ठेवावी लागते. जुळवताना मिलिमीटरभर चुकले तरी समोर बसलेल्याला ते दिसते. त्यानंतर नाकाच्या बाजूपर्यंत वळणारा छेद घेऊन तोंडाभोवतीचा स्नायू कापण्याऐवजी हलकेच फाकवायचा आणि त्यातून दोऱ्यासारख्या नसा भिंगाच्या चष्म्यातून एकेक सोडवायच्या. येथे घाई करणारा सर्जन कितीही नावाजलेला असला तरी त्याच्या हाती निर्जीव ओठच उरतो. शेवटी आतील अस्तर, स्नायू आणि त्वचा असे तीन थर वेगवेगळे शिवले.

चहा गळत नाही आणि शिट्टीही वाजते. परंतु आप्पांची कवळी आता तोंडात जात नाही. कळण्याची भाकरी ते दुधात कुस्करून खातात आणि कधीच तक्रार करत नाहीत. तक्रार करते ती सून, आणि ती योग्यच करते. तोंडाचे कोपरे रुंद करण्याची लहान शस्त्रक्रिया मी सुचवली. आप्पांनी ती नाकारली. तोंड लहान होईल हे मी सांगितले होते आणि त्यांनी ते मान्यही केले होते, तरी रोजच्या जेवणाच्या ताटाशी त्याची सांगड त्यांनी घातली होती का, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

दोन भागांत बसवून तोंडात जोडता येणारी कवळी बनवता येते. येथील दंतवैद्यांनी ती पूर्वी कधी बनवलेली नाही. मापाचा पूर्ण साचाच तोंडात जात नसल्याने अर्ध्या साच्याने दोनदा माप घेऊन पाहण्यास ते तयार झाले आहेत.