पानं तशीच पडून

काल संध्याकाळी शेजारचे आजोबा अंगणात नुसतेच उभे. हातात दाताळं, पायाशी घोटाभर मेपलची पानं.

दुपारी अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीनं आमच्या इंडियाना युनिव्हर्सिटीच्या टीमला ३८-१५ असं धुतलं होतं. २०२४ च्या सीझनमध्ये सलग १० विजयांनंतर पहिला पराभव.

मी म्हटलं, "जाऊ द्या हो, एकच तर मॅच."

"इतकी वर्षं हाफटाइमलाच टीव्ही बंद करून पानं गोळा करायला यायचो," ते म्हणाले. "आज शेवटपर्यंत बघत बसलो. आता अंधार पडायला आला."

२०२३ मध्ये हीच टीम १२ पैकी ९ मॅच हरली होती. मग कोच कर्ट सिग्नेटी आले, आधीच्या जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीतले आपले खेळाडूही सोबत घेऊन. आल्या आल्या म्हणाले, "मी जिंकतो. गुगल करून बघा." तेव्हा मला माणूस आगाऊ वाटला होता. अजूनही वाटतो, खोटं कशाला बोलू!

पण आमच्या ब्लूमिंग्टन गावाची फुटबॉलमध्ये हरल्यावर वाईट वाटून घ्यायची सवयच गेली होती. ती या माणसानं परत लावली. याला उपकार म्हणायचं का?

आज सकाळी खिडकीतून पाहिलं. पानं अजून तशीच आहेत.