रानभाज्यांची पुस्तिका, स्क्रायबस लॉग: ४४ पानांवरून ३२ वर

पुस्तिकेचा मजकूर स्क्रायबसमध्ये (छपाईसाठी पानं मांडायचं सॉफ्टवेअर) सगळा बसलाय, पण फाइल पार पसरली होती, ४४ पानं, आणि त्यातली बरीच नुसती ट्रायलची. टाकळ्याच्या फोटोचे वेगवेगळे क्रॉप, मुक्ता आणि टिरो देवनागरी मराठी हे दोन फॉन्ट शेजारी शेजारी लावून बघितलेली पानं (टिरोत ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात, हेडिंगला तोच फायनल), आणि मधेमधे कोरी पानं. या वेळी एकच काम, नको ती पानं काढणं.

३२च का, तर पुस्तिका ए५ आहे आणि मधे पिन मारायची आहे. ए४ कागद दुमडला की एका कागदाची ४ पानं होतात म्हणून एकूण पानं ४च्या पटीत लागतात, ३२ म्हणजे ८ कागद. ४४ पण पटीत बसतं, पण ११ कागद एकात एक घातले की मधली पानं कडेने बाहेर यायला लागतात आणि कापताना समास कमी होतो, ८ कागदात ते फारसं जाणवत नाही.

आता महत्त्वाचं. माझ्याकडे प्रत्येक भाजीला समोरासमोरची जोडी आहे, डावीकडे फोटो, उजवीकडे ओळख आणि कृती. मधलं एकच पान उडवलं तर पुढचं सगळं एक घर सरकतं, भारंगीचा फोटो उजवीकडे जातो आणि तिची माहिती पान उलटल्यावर येते, म्हणून काढायचं तर जोडीनेच. आणि शेवटाकडून सुरुवातीकडे काढत यायचं, कारण सुरुवातीकडचं पान आधी काढलं की त्यानंतरच्या सगळ्यांचे नंबर बदलतात आणि हातातली यादी निकामी होते. पेज मेनूत डिलीट आहे, कुठून कुठपर्यंत ते विचारतो, पण मला अरेंज पेजेसची खिडकी आवडते, सगळा क्रम डोळ्यांसमोर असतो आणि पान ओढून कचरापेटीत टाकता येतं.

ट्रायलची पानं मात्र फेकली नाहीत, नवीन फाइल उघडून पेज मेनूतल्या इंपोर्टने तिकडे घेतली, मगच मूळ फाइलमधून काढली. फॉन्टचे नमुने पुढच्या अंकाला लागतातच.

सगळ्यात जास्त वेळ गेला काकडांच्या (काकड झाडाची फळं) जोडीवर. मजकूर जेमतेम चार ओळी, सरळ काढण्यासारखी जोडी, पण शेवळं खाजरी असतात आणि त्यांच्या भाजीत ही आंबट काकडं घालतात ती त्यासाठीच, आणि शेवळांच्या कृतीत मी "काकडं पान अमुक बघा" असं लिहिलेलं होतं. म्हणजे पान बारीक असलं तरी दुसरं पान त्याच्यावर टेकलेलं. शेवटी काकडांचा छोटा फोटो आणि त्या चार ओळी शेवळांच्या पानावरच चौकटीत घेतल्या आणि जोडी काढली, आता वाचणाऱ्याला पान उलटावं पण लागत नाही, मला हे आधीपेक्षा खूपच बरं वाटतंय. सगळीकडचे हाताने टाइप केलेले पान नंबर पण काढले, आता फक्त "भारंगी बघा", नंबर अनुक्रमणिकेत. पानाखालचा नंबर मास्टर पेजवरून (सगळ्या पानांचा सामायिक साचा) येतो, तो आपोआप बदलतो.

पानं काढून झाल्यावर आउटलाइन (फाइलमधल्या सगळ्या चौकटींची यादी) उघडून फ्री ऑब्जेक्ट्स नक्की बघा, कुठल्याच पानावर नसलेल्या चौकटी तिथे दिसतात. प्रीफ्लाइट व्हेरिफायर (छापण्याआधी चुका शोधणारी तपासणी) पण त्या पकडतो, शिवाय चौकटीत न मावलेला मजकूर दाखवतो. रंगांच्या खिडकीत रिमूव्ह अनयूज्ड केलं, यादी आटोपशीर झाली.

फोटो फाइलच्या आत नसतात, बाहेरून जोडलेले असतात, त्यामुळे पान काढलं तरी फोल्डरमधले फोटो तसेच पडून राहतात. त्यावर उपाय कलेक्ट फॉर आउटपुट, वापरातले फोटो आणि फाइल नवीन फोल्डरमध्ये जमा होतात, फॉन्ट पण घेता येतात, आणि तोच फोल्डर प्रेसला द्यायचा. ज्यांच्याकडे अजून स्क्रायबस १.४ आहे त्यांनी १.६ घ्या, जुन्यात देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळत नाहीत.

राहिलंय ते कव्हर आणि कुर्डूचा फोटो. सध्याचा तुरे आलेल्या कुर्डूचा आहे, भाजी तर तुरे यायच्या आधीच्या कोवळ्या पानांची करतात, म्हणून तो बदलणार. कोणाकडे कोवळ्या कुर्डूचा जवळून काढलेला, ३०० डीपीआयला पूर्ण ए५ पान भरेल असा फोटो असेल तर सांगा, नाव छापेन.