कंबर तलावावर आज
सकाळी सहाला माझ्या कुत्र्याला, शेरूला घेऊन कंबर तलावावर गेले होते. समोरून एक दांडगा लॅब्रेडॉर मोकळाच धावत आला. मालक मागे फोनवर. "काही करत नाही ओ तो!" एवढंच लांबून ओरडले. शेजारून चाललेल्या आजी घाबरून मागे सरल्या आणि पडल्या. नशीब, कोपरावरच निभावलं. तो काही करत नाही हे त्या आजींना कसं कळणार?

खूप राग आला. कुत्रं माझंही जीव की प्राण आहे, म्हणूनच आला. पट्टा हातात हवाच. शी उचलायला मी जुना पेपर नेते, त्यात लाज कसली? रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झालं की, पुढे दरवर्षी. आणि कुणाला दात किंवा नख लागलंच, तर हळद-तिखट न भरता जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं.

पाळीव जनावराबाबत हयगय केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आजींना रिक्षात बसवून दिलं. उद्या त्या फिरायला येतात का, बघणार आहे.