बस्त्याची वही

31 मार्च हा आमच्या धंद्यातला शिमगा. 2022 च्या त्या 31 मार्चला मी सकाळी सातलाच यवतमाळहून निघालो. दारव्ह्याच्या पुढे, तालुक्याच्या एका गावी तीन भावांची भागीदारी मोडायची होती. तीन गावांत तीन दुकानं, नऊवारीपासून कुकरपर्यंत सगळं एका छताखाली, आणि भावाभावांत वर्षभर धड बोलणं नाही. 2017 ला जीएसटी आला तेव्हापासून या घराचा हिशोब माझ्याकडे होता. तिघांनाही मी सारखाच नकोसा असल्यामुळे वाटणीचं काम बिनविरोध माझ्याकडे आलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस पेटला होता. पाहायला वेळ नव्हता.

या दुकानांची गोष्ट मी निदान वीसदा ऐकली असेल. गल्ल्यामागे आजोबांचा हार घातलेला फोटो, आणि त्याखाली बसवून प्रत्येक पाहुण्याला तीच गोष्ट. आजोबा मूर्तिजापूरहून कापडाच्या गाठी शकुंतलेत टाकून आणायचे. आमच्या भागातली ती छोटी गाडी 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली, त्यामुळे मीसुद्धा लहानपणी तिचा कोळसा डोळ्यात घेतलेला आहे. स्टेशनवर खाचर उभं असायचं, त्यातून माल आठवडी बाजारात. 1938 ला पहिलं दुकान. मग महायुद्ध, कापडावर नियंत्रण, रेशनवर कापड, त्यातूनही दुकान तरलं. वडिलांनी 1974 ला शेजारच्या तालुक्यात दुसरं उघडलं, 1983 ला तिसरं. तिसऱ्याला काचेची शोकेस, आत लोखंडी जिना आणि बाहेर ‘डिपार्टमेंटल स्टोअर’ अशी पाटी. लोक त्याला ‘डिपाट’ म्हणायचे, अजूनही म्हणतात. बैलगाड्या जुंपून नुसता जिना पाहायला माणसं आली होती म्हणे.

गोष्टीचा शेवट ठरलेला: ‘सगळी आजोबांची पुण्याई.’

दुपारपर्यंत मोजणी झाली. मोजणीचं काय सांगायचं? भागीदारी मोडताना माल खरेदीच्या किमतीला नाही, आज विकून जे येईल त्याला धरायचा, एवढा साधा नियम. पण माळ्यावर सफारीच्या कापडाचे ताके निघाले, आणि धाकट्या भावाने ते खरेदीच्या भावाने मोठ्यांच्या वाट्यात घालायला सांगितले. अर्धा तास त्यात गेला.

खरा घोळ जेवणानंतर. मोठे सेठ म्हणाले, ‘‘उधारी राहिली ना साहेब. पहिल्या दुकानाची उधारी लाखांनी हाय, ते कोणाच्या वाट्याला?’’ दिवाणजींनी लाल बासन सोडलं. दिवाणजी ऐंशीच्या घरातले, वडील सेठच्या काळापासूनचे. आता त्यांना काही काम नसतं, पण रोज येतात, गल्ल्याशेजारी बसतात, संध्याकाळी दिवा लावून जातात. मी वह्या चाळल्या. बहुतेक नोंदी 1990 च्या आधीच्या. मी सांगितलं, उधारीला तीन वर्षांची मुदत, मधे त्या माणसाने लिहून दिलं नसेल किंवा काही भरलं नसेल तर कोर्टात ती उभी राहत नाही. या सगळ्याची किंमत शून्य. मोठ्यांचा चेहरा उतरला, धाकट्यांचा खुलला.

तेव्हा दिवाणजींनी बासनाच्या तळातून एक पातळ वही काढून माझ्यासमोर सरकवली. ‘‘हे बी पाहून घ्या जी.’’

मला वाटलं आणखी उधारी. पण आकडे दुसऱ्या बाजूला होते. उधारीच्या वहीत रक्कम नावे पडते, म्हणजे गिऱ्हाइकाचं देणं; इथे सगळं जमा, म्हणजे दुकानाचं देणं. पानावर वर गावाचं नाव, खाली एका बाईचं, मग दहा, पंधरा, पंचवीस रुपये. कडेला बारीक अक्षरात ‘बस्ता’ आणि ‘शे. आठ आणे’. म्हणजे शेकडा महिना आठ आणे व्याज, वर्षाला सहा टक्के. नोंदी 1973 ते 1982 च्या. काही पानांवर पुढे ‘बस्ता दिला, खातं चुकतं’ असा शेरा. सदतीस पानांवर तो नव्हता. त्यांची मुद्दल बेरीज 38,460.

दिवाणजी सांगू लागले तसं उलगडत गेलं. 1972 ला राज्यात कापूस एकाधिकार योजना आली. आधी व्यापारी कापूस घ्यायचा आणि भाव पाडून का होईना, हातावर पैसे ठेवायचा. आता चुकारे हप्त्याने, आणि कधी येतील त्याचा भरवसा नाही. चुकारा आला की तो घरधन्याच्या हाती. तोवर दुकानातून नेलेलं लुगडं-धोतर त्याच्या नावे पडलेलं असायचं. बाईजवळ उरायची ती वेचणीची मजुरी. ती गाठीला बांधून ती बाजाराच्या दिवशी दुकानात यायची आणि सेठजवळ ठेवायची, लेकीच्या लग्नाच्या बस्त्यासाठी. बँक होती तालुक्याला, पण तिथे फॉर्म, सही, आणि मुख्य म्हणजे नवऱ्याला कळलं असतं.

‘‘मग या बायांना परत का नाही दिले?’’

‘‘कोणी आल्या नाई. कोणी मेल्या.’’

‘‘घरी निरोप द्यायचा.’’

दिवाणजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझंच वय आठवलं. ‘‘बाईनं सांगतलं होतं, घरच्यायले सांगू नोका. मंग सांगतलं नाई.’’

मी 1974 ची वही मागवली. दुसऱ्या दुकानाच्या बांधकामाचं खातं उघडलं आणि महिना महिना लावून पाहिलं. ज्या आठवड्यात विटा आणि सागाचे वासे आले, त्याच आठवड्यांत बस्त्याची रोकड तिकडे वळवलेली. सगळं दुकान त्यावर उभं राहिलं असं मी म्हणणार नाही. पण पायाचा खर्च बराचसा त्यातून निघाला होता. फोटोखाली बसून ऐकलेल्या गोष्टीत हे कधी आलं नव्हतं, आणि हार फोटोलाच होता.

आता माझी अडचण. भागीदारी मोडताना आधी बाहेरच्यांची देणी, मग भागीदारांनी दिलेलं कर्ज, मग भांडवल. 1932 च्या कायद्यातलं कलम 48 हेच सांगतं. मधले भाऊ हसले. ‘‘चाळीस-पन्नास वर्षं झाले साहेब. आताच तर म्हणाले ना तुम्ही, तीन वर्षं?’’ मी म्हटलं, ते उधारीला. मागेल तेव्हा परत द्यायच्या ठेवीची मुदत मागितल्या दिवसापासून सुरू होते, आणि इथे कोणी मागितलंच नाही. सरळ व्याजाने हिशोब केला, सरासरी पंचेचाळीस वर्षं धरून. 1,42,302. तीन दुकानांच्या किमतीपुढे काहीच नाही.

‘‘पैशाचं नाई,’’ धाकटे म्हणाले, ‘‘एकाले देलं का सारा तालुका रांगेत उभा राहील.’’ भीती अगदीच खोटी नव्हती.

मोठे सेठ बराच वेळ दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहत होते. मग एका गावावर त्यांनी बोट ठेवलं. उधारीत नवरा, ठेवीत बायको. नावे 640, जमा 1,150. ‘‘बारा किलोमीटर हाय,’’ ते म्हणाले. ‘‘चला.’’

मला खरं तर निघायचं होतं, 31 मार्च होता. तरी बसलो गाडीत. दिवाणजी पुढे, मांडीवर दोन्ही वह्या.

घर नुकतंच रंगवलेलं. त्या वर्षी कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला होता, गावागावांत नवी टिनं चमकत होती. पन्नाशीचा माणूस ओट्यावर बसलेला. सेठला पाहताच उभा राहिला आणि त्याचा चेहरा पडला.

‘‘सेठ, तुमी कायले आले एवढ्या दूर? मले माहीत हाय. बाप मरताना सांगून गेलता, सेठचे द्याचे रायले म्हनून.’’ त्याने खाट टाकली, पाण्याचा आवाज दिला. मग खाली पाहत म्हणाला, ‘‘म्हनून तर तुमच्या दुकानात पाय ठेवला नाई कधी. पोरीचा बस्ता यवतमाळले जाऊन फाडला. तुमच्या दुकानासमोरून गेली गाडी, पन उतरलो नाई.’’

मोठ्यांना काही बोलता येईना. तेवढ्यात तो आत जाऊन आला. मुठीत पाचशेच्या नोटा. ‘‘व्याजासगट किती झाले ते सांगा.’’

दिवाणजींनी चष्मा पुसला, पातळ वही उघडली आणि त्याच्याकडे फिरवली. तो वाकून अक्षरं लावत होता.

‘‘हे तर माझ्या मायचं नाव हाय,’’ तो म्हणाला. नोटांचा हात तसाच पुढे होता. ‘‘मायच्या नावे बी हाय का?’’

‘‘नावे नाई बापू,’’ दिवाणजी म्हणाले. ‘‘जमा. जमा हाय हे.’’